दुपारी एक वाजताचं टेम्प्लेट

पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दोन गोष्टींवर एकमत झाल्याचं ऐकिवात नाही. एक, एसी किती अंशांवर ठेवायचा. आणि दोन, वेबसाइटचं टेम्प्लेट कशात लिहायचं. पहिल्या वादात निदान घरून शाल आणून सुटका करून घेता येते. दुसऱ्यासाठी कॉन्फरन्स रूम बुक होते, व्हाइटबोर्ड पुसला जातो (कोपऱ्यात ‘पुसू नये’ असं लिहिलेला चौकोन सोडून; तो कुणी आणि कधी लिहिला हे आता कुणालाच ठाऊक नसतं), आणि ज्यांना या विषयातलं काही कळत नाही अशा साहेबांना अंतिम निर्णयासाठी बोलावलं जातं.

काम दिसायला एवढंसं असतं. मजकूर एक्सएमएलमध्ये पडलेला आहे, त्याचं वेबपान करायचंय. बातम्यांची साइट घ्या. बातमीसंस्थांच्या बातम्यांसाठी न्यूजएमएल नावाचा एक्सएमएलचा प्रकार 2000 सालापासून आहे. मथळा एका टॅगमध्ये, गाव दुसऱ्यात, तारीख तिसऱ्यात, सगळं कसं आपापल्या खणात. वाचकाला या खणांशी काही देणंघेणं नसतं, त्याला बातमी हवी असते. तेव्हा खणातलं काढायचं आणि पानात मांडायचं. दिवसाला दोनशे माणसं येत असतील तर हे कशानेही होतं, कुणी वहीत बघून हाताने टाइप केलं तरी चालेल. गंमत सुरू होते ती गर्दी आल्यावर. आणि महाराष्ट्रात गर्दी म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकला एखाद्या साइटचा सर्व्हर बघावा. परीक्षेला बसलेली साधारण पंधरा लाख मुलं, प्रत्येकाच्या मागे आई, बाबा, क्लासचे सर आणि नागपूरचा मामा. मामाकडे बैठक क्रमांक असतो, आईचं नाव तर त्याला पाठच असतं, आणि निकाल मुलाच्या आधी आपल्याला कळावा ही त्याची जुनी महत्त्वाकांक्षा असते.

मीटिंगमध्ये पहिले बोलतात ते एक्सएसएलटीवाले. प्रत्येक कंपनीत असे एक तरी गृहस्थ असतात. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा कपाळावर, आणि ‘डिक्लेरेटिव्ह’ हा शब्द ते ‘सात्त्विक’ या अर्थाने वापरतात. त्यांचं म्हणणं तसं तर्काला धरून असतं. एक्सएमएलचं पहिलं प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 10 फेब्रुवारी 1998 ला काढलं. त्याचं रूपांतर करायची भाषा, एक्सएसएलटी, 16 नोव्हेंबर 1999 ला आली. तिचे संपादक जेम्स क्लार्क हे एक्सएमएल घडवणाऱ्या गटाचेही तांत्रिक प्रमुख होते. म्हणजे कुलदैवत एकच, घराणं एकच. एक्सएमएल द्यायचं, एक्सएसएलटीतून काढायचं, पलीकडे एचटीएमएल तयार. शिवाय एक्सएसएलटीचा प्रोग्रॅम स्वतःसुद्धा एक्सएमएलच. हे वाक्य बोलताना या काकांचा आवाज जरा भरून येतो.

ते जे सांगत नाहीत ते नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. या भाषेत ‘इफ’ आहे, ‘एल्स’ नाही. ‘नाहीतर’ म्हणायचं असेल तर आधी ‘चूज’ उघडा, त्यात ‘व्हेन’ लिहा, मग ‘अदरवाइज’ लिहा, मग तिन्ही टॅग नीट बंद करा. एवढं होईपर्यंत ‘नाहीतर काय’ हेच विसरायला होतं. व्हेरिएबल आहे, पण त्याची किंमत एकदा ठरली की बदलत नाही. हे पोराला सांगितलं की ते हसतं, त्याला वाटतं आपलं रॅगिंग चाललंय. चालू बेरीज ठेवायची असेल तर टेम्प्लेटने स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारायची. आणि एखाद्या संपादकांनी सहज म्हटलं, “बातम्या जिल्हावार लावून द्या हो,” तर संपलंच. पहिल्या आवृत्तीत गटवारी करायची सोयच नव्हती. ओरॅकलमधल्या स्टीव्ह म्युंच यांनी त्यावर युक्ती काढली: प्रत्येक जिल्ह्याची किल्ली करायची, किल्लीने सगळ्या बातम्या काढायच्या, आणि हातातली बातमी त्यातली पहिलीच आहे का, हे तिचा अंतर्गत ओळखक्रमांक ताडून बघायचं. पहिली असेल तर जिल्ह्याचं नाव छापायचं. जगभर ही युक्ती म्युंच यांच्या नावानेच ओळखली जाते. साधी सोय यायला जानेवारी 2007 उजाडला, म्हणजे सात वर्षांहून जास्त. तोवर कित्येकांनी ती तीन ओळींची जादू कुठून तरी उचलून आपापल्या फाइलीत चिकटवली आणि वर इंग्रजीत लिहून ठेवलं, हात लावू नका.

जिल्हे नाही तर नावं अकारविल्हे लावायला सांगतात, तिथे मराठीची वेगळीच वरात. संगणकाने अक्षरांचे नुसते क्रमांक बघितले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येऊन बसतो, आणि ज्ञानेश्वर बिचारा ‘ज’ च्या रांगेत जातो. आपल्या वर्णमालेत ‘ज्ञ’ शेवटाला, हे त्याला मुद्दाम सांगावं लागतं. भाषा मराठी आहे असं टॅगमध्ये लिहायची सोय आहे. ते लिहिलेलं मानायचं की नाही हे मात्र ज्याच्या त्याच्या प्रोसेसरच्या मर्जीवर.

एवढ्यात पीएचपीवाला उठतो. हा तरुण, पण याची वेबसाइट आजवर एकदाही वेळेच्या मागे गेलेली नसते, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांच्या मनात थोडी अढी असते. तो म्हणतो, पीएचपी मुळात टेम्प्लेटसाठीच जन्माला आली, एचटीएमएलमध्ये मध्येमध्ये लिहा आणि मोकळे व्हा. हे खरं आहे. मग ‘मोकळं लिहिलं की घाण होते’ म्हणून लोकांनी त्या टेम्प्लेटच्या भाषेत स्मार्टी नावाची दुसरी टेम्प्लेटची भाषा लिहिली, आणि ती पुन्हा पीएचपीत उतरवून चालते. वळसा घालून घरीच. जावावाल्यांचं निराळं. त्यांच्याकडे जेएसपी, व्हेलॉसिटी आणि फ्रीमार्कर असे तीन पर्याय असतात आणि त्यातल्या तिन्हींवर चाललेलं एकेक जुनं प्रोजेक्ट. ते फारसं बोलत नाहीत. लायब्ररीची आवृत्ती कुठली, एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून खिन्न होतात.

या सगळ्यांत एक बाई असतात ज्यांनी वाचलेलं असतं. त्या सांगतात की टेम्प्लेटने विचार करू नये, फक्त दाखवावं. त्यांच्या म्हणण्याला आधारही आहे. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातले टेरेन्स पार यांनी 2004 साली नेमक्या याच विषयावर शोधनिबंध लिहिला आणि त्या नियमांना धरून स्ट्रिंगटेम्प्लेट नावाचं इंजिनही बांधलं. किंमत तपासायची नाही, हिशेब करायचा नाही, माहितीत फेरफार करायचा नाही; दिलंय ते मांडायचं. सगळे माना डोलावतात. मग मार्केटिंगकडून निरोप येतो की मुलीला नव्वद टक्क्यांच्या वर असतील तर मार्कांशेजारी पेढ्याचं चित्र दाखवा. “फक्त एक इफ,” असं कुणीतरी म्हणतं. पुढच्या महिन्यात पंच्याण्णवच्या वर असतील तर दोन पेढे. सहा महिन्यांनी तेच टेम्प्लेट उघडून बघावं, त्यात डेटाबेसला थेट विचारलेला प्रश्न सापडतो, आणि वर शेरा असतो: तात्पुरतं.

इथे एक्सएमएलच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण अर्धी भांडणं त्यापायी होतात. एचटीएमएल मवाळ. टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर समजून घेतो. एक्सएमएलमध्ये एक तिरकी रेघ राहिली की अख्खं पान बाद, कारण चूक दिसली की थांबायचं असा नियमच आहे. फायरफॉक्स तर अशा वेळी बातमीच्या जागी फिक्कट पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत चुकीची ओळ आणि रकाना छापतो. आणि आपल्याकडचा जुना मजकूर कुठल्या रूपात पडलाय? युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या खुर्च्यांवर बसवलेली असत. कृतिदेवमध्ये ‘ढ’ बसतो तो नेमका टॅग उघडणाऱ्या कोनी कंसाच्या जागी. असा मजकूर जसाच्या तसा एक्सएमएलमध्ये ओतला की ‘ढग’ शब्द आला रे आला, एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरला वाटतं टॅग सुरू झाला. तो बंद व्हायची वाट बघत शेवटापर्यंत जातो आणि हात टेकतो. पावसाळ्यात हवामानाचं पान का पडतं, या कोड्याचा उलगडा अशा ठिकाणी असू शकतो, आणि त्यासाठी टेम्प्लेटच्या भाषेला शिव्या घालून काही होत नाही.

आता साहेबांचा प्रश्न. तो एकच असतो: “फास्ट काय आहे?”

याचं उत्तर म्हणून कुणीतरी आलेख आणतं. त्यात चार रंगांचे चार खांब असतात आणि आलेख आणणाऱ्याच्या लाडक्या इंजिनाचा खांब हिरवा असतो. या आलेखांवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. एक्सएसएलटी मंद आहे असं जिथे जिथे ऐकलं, तिथे आत डोकावल्यावर बहुतेक वेळा निराळंच दिसतं. पान मागितलं की प्रोग्रॅम स्टाइलशीटची, म्हणजे एक्सएसएलटीतल्या टेम्प्लेटची, फाइल उघडतो, वाचतो, समजून घेतो, तिचं यंत्र बांधतो, एक पान काढतो आणि यंत्र मोडून टाकतो. पुढचा मामा आला की पुन्हा पहिल्यापासून. जावामध्ये यासाठी दोन वेगळ्या वस्तू ठेवल्या आहेत. ‘टेम्प्लेट्स’ म्हणजे एकदा बांधून ठेवलेली स्टाइलशीट. ती कितीही धाग्यांनी एकाच वेळी वापरली तरी चालते. तिच्यातून प्रत्येक कामापुरता ‘ट्रान्सफॉर्मर’ काढायचा. तो मात्र दोघांत वाटून घ्यायचा नाही. कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय. पण कागदपत्रं वाचणं हे आपल्याकडे हरल्यासारखं समजतात.

वेळ जाण्याची दुसरी जागा याहून मजेदार. एक्सएमएलच्या माथ्यावर बरेचदा एक पत्ता असतो: या दस्तऐवजाचे नियम, म्हणजे डीटीडी, अमुक ठिकाणी मिळतील. एक्सएचटीएमएलच्या पानांवर तो पत्ता डब्ल्यूथ्रीसीच्या सर्व्हरचा असे. आता नियम वर्षानुवर्षं तेच. एकदा आणून घरात ठेवावेत की नाही? पण भोळ्या पार्सरला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक दस्तऐवज वाचताना तो इमानेइतबारे समुद्रापार जाऊन नियम पुन्हा घेऊन येतो. 2008 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूथ्रीसीने वैतागून जाहीरपणे लिहिलं की या न बदललेल्या फायलींसाठी आपल्याकडे दिवसाला 13 कोटीपर्यंत विनंत्या येतात. दिवसाला तेरा कोटी! आणि त्यात माणूस एकही नाही. कुठल्या तरी ऑफिसात बसलेली टीम आपली साइट हळू का, म्हणून टेम्प्लेट इंजिन बदलत होती, आणि पान अडलं होतं परदेशातल्या एका दमलेल्या सर्व्हरच्या उत्तरासाठी. पार्सरला बाहेरचं काही आणू नकोस एवढं बजावलं की हा प्रकार थांबतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरं. मात्र बजावताना त्याच जागी आणखी एक फट बुजवावी लागते. एक किलोबाइटसुद्धा नसलेल्या एक्सएमएलमध्ये एका नावात दहा नावं, त्या प्रत्येकात आणखी दहा, अशी उतरंड रचली की उलगडताना ‘लोल’ हा शब्द शंभर कोटी वेळा तयार होतो आणि काही गिगाबाइट मेमरी गिळून सर्व्हर आडवा होतो. या हल्ल्याचं नावच ‘बिलियन लाफ्स’ आहे. हसणारा अर्थातच दुसरा असतो.

पण खरी गोष्ट वेगळीच, आणि ती मीटिंगमध्ये निघाली तरी साडेपाचला, चहा येऊन गेल्यावर निघते. पान बनवायला पाच मिलिसेकंद लागतात की आठ, यावर दोन तास भांडणं होतात. पान किती वेळा बनवायचं, हे कुणी विचारत नाही.

हा भेद सांगायला या धंद्यात स्वयंपाकघरातली भाषा आहे. 2002 साली अॅरन स्वार्ट्झ या पोरगेल्या प्रोग्रॅमरने साइटवाल्यांना सांगितलं होतं की पानं तळू नका, भाजून ठेवा. गिऱ्हाईक दारात आलं की कढई तापवून घाणा टाकायचा, ही तळण्याची पद्धत. पहाटेच भट्टीतून ट्रे काढून मांडून ठेवायचे आणि दिवसभर नुसते उचलून द्यायचे, ही भाजण्याची. मूव्हेबल टाइप हे 2001 चं सॉफ्टवेअर पानं भाजून ठेवायचं. 2003 ला आलेलं वर्डप्रेस मागणी आली की तळतं. भाजण्यात दुःख नाही असं नाही. तळटिपेतला फोन नंबर बदलला की जुन्यानव्या सगळ्या पानांची भट्टी पुन्हा लावायची. मूव्हेबल टाइपवाल्यांचं निम्मं आयुष्य ‘रीबिल्ड’चं बटण दाबून हळूहळू सरकणाऱ्या पट्टीकडे बघण्यात गेलं.

निकालाचं गणित मात्र करूनच बघा. समजा पंधरा लाख निकाल एक्सएमएलमध्ये हातात आलेत आणि एका निकालाचं पान काढायला एक्सएसएलटीला, तुमच्या मते त्या मंद एक्सएसएलटीला, पाच मिलिसेकंद लागतात. एका प्रोसेसर कोअरवर सगळी पानं भाजायला 7,500 सेकंद. दोन तास पाच मिनिटं. आठ कोअर असतील तर पाऊण पिक्चरसुद्धा होत नाही. निकाल ही एकदा लागला की न बदलणारी वस्तू (फेरतपासणीचा अर्ज केलेले सोडून). मग एक वाजता सर्व्हरने फक्त तयार फाइल उचलून द्यायची, जे काम त्याला झोपेतही येतं. हीच पानं एक वाजता मागणीनुसार तळायची म्हटली, आणि पंधरा लाखांनी पहिल्या दहा मिनिटांत एकेकदाच विचारलं, तर सेकंदाला अडीच हजार पानं. साडेबारा कोअर पूर्ण जुंपलेले. स्टाइलशीट दर वेळी नव्याने बांधत बसलात आणि पाचाचे पन्नास मिलिसेकंद झाले, तर सव्वाशे. आणि एकेकदाच विचारणारा मामा अजून जन्मायचाय.

“पण आमचं पान प्रत्येकाला वेगळं असतं,” असं साहेब म्हणतात. काय वेगळं असतं? वर उजव्या कोपऱ्यात ‘नमस्कार, सुरेशराव’ असतं आणि खाली सुरेशरावांच्या गावाचं तापमान. बाकी साठ बातम्या, चार जाहिराती आणि पंचांग सगळ्या महाराष्ट्राला सारखं. या एका नमस्कारापायी पूर्ण पान साठवता येत नाही, दर सुरेशरावांसाठी नवं बनवावं लागतं. या नमस्काराएवढा महागडा शिष्टाचार दुसरा नाही. उपाय जुने आहेत. 2001 पासून ईएसआय नावाची पद्धत आहे: पान साठवलेलं द्यायचं, नमस्कारापुरतं भोक ठेवायचं आणि वाटेतल्या सर्व्हरने ते भरायचं. नाहीतर ब्राउझरमधल्या चार ओळींच्या जावास्क्रिप्टने नाव मागाहून चिकटवायचं. सुरेशरावांना नमस्कार अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचतो. त्यांनी आजवर तक्रार केलेली नाही, कारण त्यांनी तो नमस्कार कधी वाचलेलाच नाही.

साठवायला लागलं की मग त्याचं दुखणं. संपादकीय खात्यातून फोन येतो: “मथळा बदललाय, दिसत नाही.” इकडून उत्तर: “माझ्याकडे दिसतोय.” तिकडून: “मंत्र्यांचं नाव चुकलंय हो!” इथे संयमाची परीक्षा असते. शहाणा माणूस तेवढं एक पान साठ्यातून काढतो. घाबरलेला माणूस सगळा साठा रिकामा करतो, आणि ही घाबरण्याची वेळ नेमकी बारा एकोणसाठची असते. साठा रिकामा, एकाच पानासाठी हजारो विनंत्या दारात, आणि प्रत्येकीला वाटतं की पान नाही, म्हणजे आपणच बनवायला हवं. एकच पान हजार जण एकदम बनवायला घेतात. त्यापेक्षा एकाने बनवावं, बाकीच्यांना तोवर जुनं द्यावं. दोन मिनिटं शिळी बातमी वाचून महाराष्ट्रात कुणाला बाधल्याचं उदाहरण नाही. नवं तयार होईतो जुनं वाढा, असं सर्व्हरला सांगायची सोय एचटीटीपीत 2010 पासून लिहून ठेवलेली आहे.

मग टेम्प्लेट कशात लिहायचं? पानं भाजणार असाल तर वेगाचा प्रश्न जवळपास उरतच नाही, आणि माणसांचा उरतो. मजकूर बातमीसारखा असेल, परिच्छेदात ठळक शब्द, त्यात दुवा, मध्येच चौकट, पुढे तक्ता, आणि कशात काय येईल याचा नेम नाही, तर एक्सएसएलटीला तोड नाही. प्रत्येक टॅग दिसला की काय करायचं हे एकदा सांगितलं की कितीही खोल गुंता असो, ती उतरत जाते. तिथे काकांचं ऐकावं. मजकूर निकालासारखा असेल, नाव, विषय, गुण, बेरीज, तर सहा ओळींच्या कामासाठी काकांना निवृत्तीतून परत बोलावू नका; साध्या भरण्याच्या टेम्प्लेटने भागवा. आणि दोन्हीकडे, रात्री अडीचला फोन उचलणाऱ्याला जी भाषा वाचता येते तीच निवडा, मग खांब कुठल्याही रंगाचा असो.

एक मार्ग मात्र आता उरलेला नाही. मधल्या काळात काही हुशार लोकांनी सर्व्हरचं कामच संपवून टाकलं होतं: वाचकाला नुसतं एक्सएमएल पाठवायचं, सोबत स्टाइलशीटचा पत्ता द्यायचा, आणि पान वाचकाच्याच ब्राउझरने बनवून घ्यायचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या प्रचंड खपाच्या खेळाची ‘आर्मरी’ ही साइट अशीच चालत असे. वीज वाचकाची, यंत्र वाचकाचं, कल्पना सुरेख. पण ब्राउझर राहिले 1999 च्याच आवृत्तीवर, आतली लायब्ररी म्हातारी झाली, तिच्यात सुरक्षेची भोकं निघत राहिली, आणि 2025 साली गुगलने जाहीर केलं की क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकणार. सर्व्हरवर ती चालतच राहील, तिथे तिला कुणी हात लावलेला नाही. तेव्हा तुमच्या साइटचं एखादं जुनं पान, एखादी विसरलेली फीड, अजून वाचकाच्या ब्राउझरवर भरवसा ठेवून एक्सएमएल पाठवत असेल, तर पुढची टेम्प्लेटची मीटिंग रद्द करा आणि तेवढं पान आधी सर्व्हरवर आणून ठेवा. कॉन्फरन्स रूम बुक करायची गरज नाही.